मेथडिस्ट मंडळीत नवीन आहात? मग सणावारांत असं शिरा

नवीन माणूस चर्चला यायचं ठरवतो आणि दिवस निवडतो तो हमखास नाताळचा. मी सांगेन, नाताळ सोडून कधीही या. पंचवीस तारखेला बाकांवर बोट ठेवायला जागा नसते. वर्षातून एकदा उगवणारे पाहुणे पुढच्या रांगा धरून बसलेले असतात, पाळकसाहेबांचा (म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचा) घसा आठवडाभराच्या कार्यक्रमांनी बसलेला असतो आणि आम्ही बायका एकमेकींच्या साड्या बघण्यात गुंतलेल्या असतो. त्या गर्दीत तुम्ही आलात काय नि गेलात काय, कोणाला पत्ता लागत नाही.

हे मी अनुभवानं बोलते. माझं माहेर नगरकडचं. लग्न होऊन पुण्याला आले ती ऐन डिसेंबरात. नाताळच्या उपासनेला सासूबाईंच्या मागे मागे गेले, कोऱ्या साडीत दीड तास ताठ बसले आणि घरी आले. पुढचे दहा महिने मी सगळ्यांसाठी 'अमक्यांची सून' होते. माझं नाव पहिल्यांदा कोणी विचारलं ते कापणीच्या सणाला, चर्चच्या मागच्या अंगणात वांग्यांचे वाटे लावताना.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. मंडळीत ओळख बाकावर होत नाही. ती होते मागच्या बाजूला, जिथे पातेली, सतरंज्या आणि दोरीनं बांधलेल्या खुर्च्या असतात. खाली जे सांगते आहे ते सगळं तिथपर्यंत पोचण्याबद्दल आहे. गावाहून नोकरीसाठी शहरात आलेल्यांना, लग्न होऊन आलेल्यांना, दुसऱ्या पंथाच्या मंडळीतून आलेल्यांना आणि ख्रिस्ती नसूनही शेजाऱ्यांनी बोलावलं म्हणून येणाऱ्यांना ते उपयोगी पडावं.

आधी घर ओळखून घ्या

मेथडिस्ट हा प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांचा एक पंथ, आणि 'मेथडिस्ट' हे मुळात चिडवायचं नाव. अठराव्या शतकात ऑक्सफर्डमध्ये जॉन वेस्ली (पुढे ही चळवळ उभी करणारा धर्मगुरू), त्याचा भाऊ चार्ल्स आणि त्यांचे मित्र वेळापत्रक आखून प्रार्थना करत, उपवास करत, तुरुंगातल्या कैद्यांना भेटायला जात. बाकीची पोरं त्यांना 'पद्धतवाले' म्हणून हसत. नाव चिकटलं ते चिकटलंच. आमच्या मंडळीत कार्यक्रमपत्रिका, वह्या आणि कमिट्या इतक्या का, याचं उत्तर बहुधा त्या नावात असावं.

भारतात अमेरिकन मेथडिस्टांचं काम १८५६ मध्ये मिशनरी विल्यम बटलर यांच्यापासून, उत्तरेत बरेलीकडे सुरू झालं. मुंबईत विल्यम टेलर १८७१ मध्ये आले. कुलाब्याला रीगल सिनेमाजवळ बोवेन मेमोरियल चर्च आहे, ते मिशनरी जॉर्ज बोवेन यांच्या नावानं. हा माणूस १८४८ मध्ये मुंबईत उतरला आणि १८८८ मध्ये इथेच वारला, मधली चाळीस वर्षं अगदी साधेपणानं राहिला.

एक गोष्ट नगर-कोल्हापूरकडून येणाऱ्यांना गोंधळात टाकते. १९७० मध्ये नागपूरला अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) झालं, तेव्हा ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट त्यात सामील झाले. अमेरिकन परंपरेचे बाहेर राहिले. तेच १९८१ मध्ये 'मेथडिस्ट चर्च इन इंडिया' म्हणून स्वायत्त झाले. त्यामुळे सी.एन.आय.मध्ये वाढलेल्या माणसाला इथे गाणी ओळखीची वाटतात, पण कारभारातले शब्द नवे लागतात. पाळकांच्या वर डी.एस. म्हणजे चर्चच्या जिल्ह्याचे सुपरिंटेंडंट, त्यांच्या वर बिशप. महिलांच्या संघटनेला डब्ल्यू.एस.सी.एस. म्हणतात, तरुणांच्या संघाला एम.वाय.एफ. पहिल्याच महिन्यात एवढी आद्याक्षरं पाठ झाली तरी सूचना ऐकताना निम्मा गोंधळ कमी होतो.

आणि हे लक्षात ठेवा: आमचे पाळक बदलतात. वार्षिक परिषदेत नेमणुका वाचल्या जातात आणि कोणाची बदली झाली ते कळतं. तुम्ही फक्त पाळकसाहेबांशी सूत जमवलंत आणि ते नाशिकला गेले, तर पुन्हा श्रीगणेशा! म्हणून खजिनदार, संडे स्कूलच्या बाई, घंटा वाजवणारे काका आणि स्वयंपाकाची किल्ली जिच्याकडे असते ती बाई, या चौघांची ओळख आधी करा. त्यातही किल्लीवाली पहिली.

पहिला रविवार

शहरात एकाच इमारतीत सकाळी इंग्रजी, मग मराठी, कुठे हिंदी किंवा तेलुगू अशा उपासना लागोपाठ होतात. फाटकावरच्या फलकावर मराठी उपासनेची वेळ बघून घ्या, नाहीतर भलत्याच भाषेच्या प्रवचनात अडकाल. दहा-पंधरा मिनिटं आधी या. दारात उभे असलेले लोक हात जोडून किंवा हात मिळवून 'सलाम' म्हणतील. दचकू नका, मराठी ख्रिस्ती माणसाचा तो जुना अभिवादनाचा शब्द आहे. तुम्हीही 'सलाम' म्हणा. काही तरुण 'जय ख्रिस्त' म्हणतात, तेही चालतं.

गाण्यांचं पुस्तक म्हणजे 'उपासना संगीत'. ते दाराशी मिळतं, न मिळालं तर शेजारच्याच्या पुस्तकात डोकावायला संकोच करू नका. दोन अनोळखी माणसांनी एक पुस्तक धरून गाण्यासारखी ओळख नाही. त्यातली कितीतरी पदं कवी नारायण वामन टिळकांची आहेत आणि चाली भजनाच्या आहेत, पेटी-तबल्यावर बसणाऱ्या. वारीत वाढलेल्या माणसाला त्या परक्या वाटत नाहीत.

मधे कधीतरी 'आज कोणी नवीन आलं असेल त्यांनी उभं राहावं' असं म्हणतील. हा क्षण सगळ्यांना नकोसा होतो. घरूनच दोन वाक्यं तयार करून या: नाव काय, गाव कोणतं, इथे कुठे राहता. बस. एकदा एका पाहुण्यांनी उभं राहून आपली सगळी नोकरी सांगितली, निवृत्तिवेतनासकट. लोक अजून त्यांना त्या निवृत्तिवेतनावरूनच ओळखतात.

दानाची पिशवी फिरते. जमेल ते टाका, नाही टाकलं तरी कोणी बघत नाही. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, मुलाची परीक्षा पास, ऑपरेशन पार पडलं अशा कारणांनी लोक पाकिटातून उपकारस्तुतीचं दान देतात आणि ते नावानिशी वाचून दाखवलं जातं. नव्या माणसानं ही यादी कान देऊन ऐकावी. मंडळीत कोणाच्या घरी काय चाललंय ते इथे कळतं, आणि चहाच्या वेळी 'मुलगा पास झाला ना? अभिनंदन!' म्हणून बोलणं सुरू करता येतं.

प्रभुभोजन बऱ्याच ठिकाणी महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. लोक पुढे जाऊन कठड्याशी गुडघे टेकतात. भाकरीचा तुकडा आणि छोट्या पेल्यात द्राक्षरस. रसच, दारू नाही. मेथडिस्ट परंपरा दारूपासून लांब राहिली. बाटलीतला द्राक्षरस आंबू न देता टिकवायची युक्ती १८६९ मध्ये काढली तीही अमेरिकेतल्या एका मेथडिस्ट दंतवैद्यानं, थॉमस वेल्चनं, आणि ती प्रभुभोजनासाठीच. तुमचा बाप्तिस्मा, दृढीकरण (मोठं झाल्यावर श्रद्धा पक्की करण्याचा विधी) कुठे झालंय यावर तुम्ही पुढे जावं की नाही ते ठरतं, तेव्हा पाळकांना आधी विचारा. जागेवर बसून राहिलात तर त्यात अपमान कोणाचाच नाही.

उपासना संपली की निघू नका. मागे चहा असतो. पहिल्या रविवारी तुमचं खरं काम ही वीस मिनिटं थांबणं एवढंच. कप घेऊन कोपऱ्यात उभं राहायचं नाही, रिकामे कप गोळा करायला लागायचं. कोणीतरी 'अहो राहू द्या' म्हणेल. राहू देऊ नका.

कापणीचा सण: इथून शिरा

वर्षातला कोणताही एकच कार्यक्रम निवडायचा असेल तर हा निवडा. काही मंडळ्या तो खरिपाचं पीक घरात आल्यावर करतात, काही रब्बीनंतर. तारीख मंडळी ठरवते, तेव्हा सूचनांकडे लक्ष ठेवा. मूळ कल्पना बायबलच्या जुन्या करारातली: पिकाचं पहिलं फळ देवाला. गावच्या मंडळीत अजूनही लोक ज्वारी-गव्हाची पोती, डाळी, ऊस, भोपळे, अंडी घेऊन येतात. पाय बांधलेली कोंबडी प्रवचनाच्या ऐन मधे ओरडते आणि पोरं फिदीफिदी हसतात. शहरात शेत कोणाकडे? तरी वेदीच्या पायऱ्या भरतात. कोणी मंडईतून केळ्यांचा घड आणतं, कोणी लिंबाचं लोणचं, कोणी केक, कोणी विणलेला रुमाल. एक निवृत्त काका दरवर्षी आपल्या गॅलरीतल्या कुंडीतल्या मिरच्या आणतात, मोजून नऊ-दहा. त्या नेहमी सगळ्यात महाग जातात.

कसं करायचं ते सांगते.

आदल्या शनिवारी सजावट असते. न बोलावता जा. ऊस खांबाला बांधायचा असतो, केळीचे खांब दाराशी उभे करायचे असतात, आणि त्याला उंच माणसं नेहमीच कमी पडतात. जाताना सुतळी आणि कात्री घेऊन गेलात तर त्या दिवशीचे हिरो तुम्हीच, कारण चर्चची कात्री दरवर्षी हरवते.

रविवारी काय आणाल? टिकणारी वस्तू. नारळ, भोपळा, रताळी, गूळ, डाळ. पालेभाजी आणायचीच तर सकाळी घेऊन ओल्या फडक्यात गुंडाळून आणा, दुपारी एकपर्यंत मेथीची मान पडते. घरी केलेली वस्तू असेल तर वर चिठ्ठी लावा: काय आहे, कोणत्या दिवशी केलं. किंमत लिहू नका.

उपासनेत वस्तू पुढे नेतात, प्रार्थना होते, आणि मग सगळा मोर्चा अंगणात. तिथे लिलाव. लिलाव करणारा माणूस मंडळीतला सगळ्यात मोठ्या आवाजाचा आणि सगळ्यात निर्लज्ज असावा लागतो. 'एक वार, दोन वार' म्हणत तो चाळीस रुपयांचा नारळ पाचशेवर नेतो. घेणारा पैसे भरतो आणि नारळ परत देतो, 'पुन्हा लावा' म्हणून. एकच भोपळा तीनदा विकलेला मी पाहिला आहे. पैसा चर्चच्या खर्चाला जातो, आणि भोपळा शेवटी ज्याला खरंच गरज आहे त्याच्या पिशवीत गुपचूप जातो. हे गुपचूप जाणं बघायला शिका. त्यावरून मंडळीचा स्वभाव कळतो.

नव्यानं पाळायच्या दोन गोष्टी. एक, खिशाची मर्यादा घरून ठरवून निघा. मोठी बोली करून नाव कमवायचा मोह होतो. होऊ देऊ नका, लोक लक्षात ठेवतात आणि पुढच्या वर्षी तुमच्याकडेच बघतात. म्हाताऱ्या बाईनं आणलेल्या लोणच्याच्या बरणीवर मात्र बोली जरूर लावा. दुसरी गोष्ट, हात खाली ठेवा. पहिल्या वर्षी मी लांबून मैत्रिणीला हात हलवून सलाम केला आणि सव्वातीनशेची जिवंत कोंबडी माझ्या नावावर लागली. रिक्षावाला कोंबडी घ्यायला तयार होईना. शेवटी सासरे तिला स्कूटरवर मांडीत घेऊन घरी आले.

लिलावातही मागची कामं असतातच: वाटे लावणं, चिठ्ठ्या चिकटवणं, कोणी किती बोललं ते वहीत लिहिणं, पैसे घेणं. वही मागून घ्या. एका दुपारीत पन्नास घरांची नावं, चेहरे आणि हात किती सैल आहे ते सगळं कळतं. वाटे लावताना माझं नाव विचारलं गेलं, वहीनं मला सगळ्यांची नावं शिकवली.

प्रीतिभोजन आणि डबे

सणानंतर जेवण असतंच. कधी कूपन काढून मटण-भाताचं मोठं जेवण, कधी प्रत्येकानं घरून डबा आणायचा. डब्याच्या जेवणाला पाच-सहा माणसांना पुरेल एवढं आणा, झाकणावर आणि डब्यावर दोन्हीकडे नाव लिहा. झाकणं बदलतात आणि वर्षभर बदललेलीच राहतात. शाकाहारी असाल तर कमिटीला आधी सांगा, वेगळं पातेलं ठेवतात. गोड पदार्थ सगळेच आणतात. तुम्ही कोशिंबीर आणा, दुवा मिळतील.

मागच्या पंगतीत वाढायला उभे राहा. आधी वाढून मग जेवणाऱ्या चमूत एकदा शिरलात की पुढच्या वेळी तुम्हाला कोणी 'नवीन' म्हणत नाही.

पावसाळा, म्हणजे घरच्या सभा

जून ते सप्टेंबर मोठं काही नसतं. पण घरोघरी प्रार्थनासभा चालू असतात, आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, विभागाप्रमाणे. मेथडिस्टांची ही सगळ्यात जुनी सवय. १७४२ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलला सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. कोणीतरी सुचवलं की बारा-बारा जणांचे गट करू, एकानं दर आठवड्याला घरोघर जाऊन प्रत्येकी एक पेनी गोळा करावी. पेनी गोळा करताना चौकशी होऊ लागली, कोण आजारी, कोण पिऊन पडलंय, कोणाचं घर उपाशी. वेस्लीच्या लक्षात आलं की कर्जापेक्षा ही चौकशी मोठी आहे, आणि त्या गटांवर सगळी चळवळ उभी राहिली.

तुमच्या विभागाची सभा कोणत्या दिवशी ते विचारा. चपला दाराबाहेर, खाली सतरंजीवर बसायचं, दोन गाणी, वचन, प्रार्थना, मग चहा-पोहे. प्रार्थनेसाठी विषय विचारतात तेव्हा खरं काही सांगा, पण भाऊबंदकीची सगळी कथा नको. पाच-सहा सभा झाल्या की आपल्या घरी बोलवा. खोली लहान आहे म्हणून मागे राहू नका. दाटीवाटीनं बसलेल्या सभेत लोक मोकळे बोलतात. खाण्याचा थाट मात्र वाढवू नका, नाहीतर पुढच्या घराला तो पेलावा लागतो.

आता नाताळ

कापणी आणि दोन-चार सभा झाल्या असतील तर आता बिनधास्त या. नाताळ पंचवीसला नसतो, तो डिसेंबरभर पसरलेला असतो.

चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीचे. त्या आठवड्यांतल्या एका शनिवारी झाडलोट आणि सजावट: बाकांना पॉलिश, चांदणीचे कंदील, गव्हाणीचा देखावा. मग मुलांचं नाटक. त्यात मेंढपाळांना घोंगड्या मिळतात, पण मागी लोकांना (बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी माणसांना) राजवस्त्रं लागतात, आणि ती कोणाच्या तरी आत्याच्या शालूतून निघतात. तुमच्याकडे जुनी जरीची साडी असेल तर संडे स्कूलच्या बाईंना कळवा. पिनांची भोकं पडतील एवढं गृहीत धरा.

कॅरल पार्टी हा नव्यांसाठी सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दमवणारा कार्यक्रम. डिसेंबरच्या मध्यापासून तरुण संघ रात्री घरोघर गाणी म्हणत फिरतो. कोणत्या दिवशी कोणता विभाग, याची यादी लागते. त्यात तुमचं घर आहे का बघा. नसेल तर घालून घ्या, पत्त्याबरोबर जवळची खूण द्या. दिलेल्या वेळेत दोन तास मिळवा, म्हणजे खरी वेळ निघते. सोसायटीच्या वॉचमनला आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर कायद्यानं बंद असतो, तेव्हा पेटी, ढोलकी आणि गळा एवढंच. वीस-पंचवीस जणांचा चहा आणि फराळ तयार ठेवा, गटाच्या डब्यात दान टाका. शक्य असेल तर पुढच्या चार घरांना त्यांच्याबरोबर जा. थंडीत रात्री साडेअकराला अनोळखी जिन्यात उभं राहून गायलेलं गाणं बरोबरच्या माणसांना जन्मभर बांधतं.

फराळाबद्दल. मराठी ख्रिस्ती घरात नाताळला केक असतो, पण करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, लाडू आणि अनारसेही असतात. दिवाळीत शेजारच्या काकूंकडून आलेलं ताट नाताळात भरून परत जातं, रिकामं नाही. केक आणि नानकटाई भाजायला पुष्कळ घरं अजून बेकरीत साहित्य घेऊन जातात. आपल्या डब्यावर नावाची चिठ्ठी घाला आणि वीस तारखेच्या आत उरका, नंतर बेकरीसमोर रेशनसारखी रांग लागते. केकमधला सुकामेवा कशात भिजवायचा, हा प्रश्न जुन्या मेथडिस्ट घरात हळू आवाजात विचारावा. संत्र्याच्या रसात भिजवला, असं सांगावं. बहुतेक वेळा ते खरंही असतं.

एकतीस डिसेंबरची रात्र

बाहेर फटाके आणि आत गुडघ्यावर मंडळी, अशी ही उपासना. साधारण दहा-साडेदहाला सुरू होते आणि बाराच्या घंटेला प्रार्थनेत असते. याचं मूळ ब्रिस्टलजवळच्या किंग्सवूडच्या कोळसा खाणीतल्या मजुरांत आहे. पूर्वी ते शनिवारची रात्र गुत्त्यात काढत. वेस्लीकडे वळल्यावर ते रात्र प्रार्थनेत काढू लागले. वेस्लीनं मग अशा रात्री पौर्णिमेच्या आसपास ठेवल्या, म्हणजे लोकांना चांदण्यात घरी चालत जाता यावं. आपल्याला चांदणं पुरत नाही. परतीची रिक्षा किंवा गाडी कोणाबरोबर आहे ते नऊच्या आत ठरवा, साडेबाराला रस्त्यावर कोणी थांबत नाही. मुलांसाठी शाल घ्या, बाकाखाली झोपतात.

या रात्री साक्षी होतात. कोणीही उभं राहून सरत्या वर्षाबद्दल बोलू शकतं. पहिल्या वर्षी ऐका. बोलावंसं वाटलंच तर दोन मिनिटांत संपवा, मागे चाळीस लोक थांबलेले असतात.

नव्या वर्षाच्या सुरुवातीला बऱ्याच मेथडिस्ट मंडळ्यांत कराराची, म्हणजे देवाशी केलेला करार पुन्हा म्हणायची, उपासना असते. वेस्लीनं ती लंडनला ११ ऑगस्ट १७५५ रोजी पहिल्यांदा घेतली. तिच्यात सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना आहे, आणि तिचा आशय कडक आहे: मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, भरलेलं ठेव किंवा रितं ठेव. पुष्कळ जण ती फलकावरचा नियम वाचावा तशी म्हणून टाकतात. आधी घरी वाचून या. 'बाजूला ठेव' म्हणायला मला अजूनही जड जातं, विशेषतः स्वयंपाकाची किल्ली माझ्याकडे आल्यापासून.

उपवासकाळ ते ईस्टर

इथे रंग बदलतो. भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत रविवार सोडून चाळीस दिवस. लग्नं धरत नाहीत, भपका नाही. मधल्या दिवसांत सभा वाढतात आणि लोक थोडे गंभीर होतात, तेव्हा गप्प बसणाऱ्या माणसाला हा काळ सोयीचा. याच सुमारास मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक महिला प्रार्थना दिन असतो. त्याची उपासना दरवर्षी एका देशातल्या बायका लिहितात आणि आपल्याकडे सगळ्या पंथांच्या बायका एका चर्चमध्ये जमतात. इतर मंडळ्यांत ओळखी करायला याच्यासारखा दिवस नाही.

झावळ्यांच्या रविवारी (पाम संडे, ईस्टरच्या आधीचा रविवार) मिरवणूक असते. झावळी लांब असेल तर पुढच्याच्या डोळ्यांत जाते, मुलांना छोटी द्या.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) बारा ते तीन अशी तीन तासांची उपासना, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पांढरे किंवा साधे कपडे, पाण्याची बाटली, आणि उठायचंच असेल तर गाणं चालू असताना उठा. त्या दिवशी 'हॅपी गुड फ्रायडे' असा संदेश पाठवू नका. दरवर्षी एखादा भला शेजारी पाठवतो आणि आम्ही 'धन्यवाद' लिहितो, पण तुम्ही लिहू नका.

ईस्टरला पहाटे अंधारात उठायचं. काही मंडळ्या दफनभूमीत जमतात, आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं, मेणबत्त्या ठेवतात आणि उजाडताना गातात. तुमच्या माणसांची कबर या गावात नसेल तर नुसते उभे राहा. कोणीतरी आपल्या टोपलीतली दोन फुलं तुमच्या हातात देईल आणि एखाद्या विसरलेल्या कबरीकडे बोट दाखवेल. 'ख्रिस्त उठला आहे' म्हणाले की 'खरोखर उठला आहे' म्हणायचं.

मे महिन्यात मुलांची सुट्टीतली शास्त्रशाळा असते, आम्ही व्हीबीएस म्हणतो. मुलं असतील तर नाव घाला, नसतील तर सरबत करायला या. शंभर पोरांना दोनदा सरबत लागतं.

ख्रिस्ती नसाल तर

या. उपासनेला बसल्यानं कोणी ख्रिस्ती होत नाही, बाप्तिस्म्याआधी शिकवण असते, वेळ जातो. प्रभुभोजनाची भाकरी हा प्रसाद नव्हे, तेवढी घेऊ नका. बाकीचा चहा, फराळ, जेवण तुमचंही आहे. प्रार्थनेत उभं राहणं, बसणं इतरांकडे बघून करा. जुन्या बायका डोक्यावर पदर घेतात, तो घेतलाच पाहिजे असं नाही. फोटो काढायचे तर उपासना संपल्यावर.

कागदपत्रांचं एवढंच

गावच्या मंडळीतून कायमचे इकडे आला असाल तर तिथल्या पाळकांकडून सभासदत्वाचं पत्र आणा. पत्र आलं नाही म्हणून कार्यक्रमांना येण्यात काही अडत नाही, पण पुढे लग्न, बाप्तिस्मा, कमिटीत मतदान, सगळ्याला ते लागतं. गावचे पाळक बदलायच्या आत मागा, नवीन पाळकांना तुम्ही माहीत नसता. पत्राची झेरॉक्स काढून ठेवा आणि मूळ प्रत इथल्या पाळकांच्या हातात द्या, ऑफिसच्या टेबलावर ठेवून येऊ नका. त्या टेबलावर अजून माझं पत्र सापडायचं आहे.